उसनं नाक

टोस्ट जळून कोळसा झाला आणि डॉक्टर त्याच्या शेजारी बसून खुशाल पेपर वाचत राहिले, तेव्हा ताईंच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

त्या बाथरूममधून ओल्या केसांनीच धावत आल्या. स्वयंपाकघरात जळका वास कोंडला होता. त्यांनी बटण बंद केलं, खिडकी सताड उघडली, काळाठिक्कर पाव सिंकमध्ये टाकला. डॉक्टरांनी पान उलटलं आणि विचारलं, "काय गं, सकाळी सकाळी एवढी धावपळ कसली?"

हे दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर गोष्ट वेगळी. पण या माणसाच्या नाकाने घरावर जन्मभर पहारा केला होता. दाराशी बूट काढता काढता ते सांगायचे, "दुपारी कुणीतरी संत्रं सोललंय." फ्रिज उघडायच्या आधी दुधाचं भविष्य वर्तवायचे. लेकीने कॉलेजात असताना गच्चीवर ओढलेली आयुष्यातली एकुलती एक सिगरेट त्यांनी जेवणाच्या टेबलावर बसून पकडली होती. असा माणूस जळक्या वासात बसून हवामानाचा अंदाज वाचतो म्हणजे काय!

डॉक्टर दातांचे. खाली दवाखाना, वर घर. ताई नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळायच्या. तिथे लहानथोर सगळे त्यांना ताईच म्हणायचे, म्हणून आपणही म्हणू. त्या संध्याकाळी त्यांनी कपडेपटातून सेनापतीचा लोकरी कोट घरी आणला. पेटीच्या तळाशी वर्षभर डांबरगोळ्यांत मुरलेला. रिक्षावाल्याने वाटेत दोनदा मागे वळून पाहिलं होतं. ताईंनी तो कोट डॉक्टरांच्या खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि समोर बसून भाजी निवडू लागल्या.

डॉक्टर आले, कोटाला पाठ टेकून बसले, चहा प्यायले. "बटणं लावायचीत का याची?" एवढंच विचारलं.

"कधीपासून?" ताई म्हणाल्या.

"काय कधीपासून?"

"वास येत नाही ते."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, "त्या तापानंतर. कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंना दाखवून आलो. त्या म्हणतात, परत येईल. कधी ते सांगता येत नाही. नाहीही येणार कदाचित." कप बशीत फिरवत ते म्हणाले, "कुणाला सांगू नकोस. लेकीलासुद्धा नको."

ताईंना त्यांचा रागही आला आणि वाईटही वाटलं. राग अशासाठी, की एवढी मोठी गोष्ट हा माणूस मास्कच्या आड लपवून रोज पेशंट तपासत होता. आणि वाईट अशासाठी, की खाली दवाखान्याच्या मागे ती खोली होती.

ती खोली म्हणजे जुन्या एक्स-रे मशीनची. मशीन गेलं, जाड भिंतींची, बिनखिडकीची, बारा महिने थंडगार खोली उरली. तिच्यात डॉक्टरांनी आयुष्यभर जमवलेल्या फ्रेंच वाइनच्या बाटल्या आडव्या निजल्या होत्या. ताई तिला "माझी सवत" म्हणायच्या. वर्षातून एखादी बाटली उघडली जायची, डॉक्टर पेला घेऊन मागे लागायचे, "अगं, नुसता वास तर घेऊन बघ," आणि ताई हात झटकायच्या, "मला सगळं एकच लागतं. सांडलं तर रेशमावरचा डाग जात नाही, एवढं मला माहीत आहे."

हल्ली त्या सवतीच्या दाराशी उभं राहून डॉक्टर दिवा लावायचे, बघायचे आणि विझवून परत का यायचे, हे ताईंच्या आज ध्यानात आलं.

आणखी एक पंचाईत होती. येत्या शनिवारी होणारे व्याही जेवायला येणार होते. लेक आणि होणारा जावई दूरच्या शहरात नोकरीला. थोरामोठ्यांनी आपापलं एकमेकांना भेटून घ्यावं असं ठरलं होतं. व्याही जहाजावरचे निवृत्त कॅप्टन. फ्रान्सच्या बंदरांत त्यांचं निम्मं आयुष्य गेलेलं, वाइनची जाण मोठी, असं लेक कौतुकाने सांगायची. विहीणबाई निवृत्त न्यायाधीश. त्यांच्याबद्दल लेक काही सांगायची नाही, नुसती "आई, तू भेटशीलच" म्हणायची. आणि डॉक्टरांनी ताप यायच्या आधी फोनवर छाती फुगवून सांगून ठेवलं होतं, "कॅप्टनसाहेब, तुमच्यासाठी अशा बाटल्या काढतो की बंदर आठवेल."

"रद्द करू या," ताई म्हणाल्या.

"आता रद्द केलं तर नाक कापलं जाईल."

"आहेच कुठे कापायला?"

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि कित्येक दिवसांनी पोटभर हसले. हसता हसताच त्यांना युक्ती सुचली. "तू हो ना माझं नाक."

"मी? मला तर—"

"तुला सगळं एकच लागतं, ठाऊक आहे. पण तुला कपड्याचा वास घेऊन तो कुठल्या नाटकातला ते सांगता येतं. मी पाहिलंय."

ते काही खोटं नव्हतं. आणि मग शिकवणी सुरू झाली. दवाखाना बंद झाला की दोघं एक्स-रेच्या खोलीत स्टुलांवर बसायचे. डॉक्टर साध्यातली बाटली उघडायचे, पेल्यात तळाशी थोडी ओतायचे, पेला हळूच फिरवून ताईंच्या हातात द्यायचे. "बोल."

पहिल्या दिवशी ताई म्हणाल्या, "वाइनचा वास येतोय." डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी त्या जरा जास्त वेळ नाक खाली घालून बसल्या. "हसू नका. शाळेचा पहिला दिवस. पेन्सिलीला टोक काढताना जी सालं पडतात ना, ती."

"देवदार! अगं, देवदार!" डॉक्टर स्टुलावरून उठले. "लाकडाच्या पिंपात मुरल्याची खूण. आणखी?"

"आणखी राजाचे बूट. दुसऱ्या अंकातले. प्रयोग झाल्यावर आतून ओले असतात ते."

"चामडं. फार छान. बूट ओले असल्याचं नाही सांगितलंस तरी चालेल."

अशी भाषांतरं जमत गेली. ताईंनी सांगायचं, डॉक्टरांनी त्याचं शास्त्रात रूपांतर करायचं. 'पलंगाखालची जुनी पुस्तकं' म्हणजे काय, 'मळ्यात पडलेली पानं' म्हणजे काय, हे डॉक्टर डोळे मिटून ऐकायचे आणि आठवणीतून तो वास शोधायचे. कधीकधी सापडल्यासारखं त्यांचं तोंड उजळायचं. ताईंना वाटलं, इतकी वर्षं हा माणूस आपल्याला काय दाखवत होता, आणि आपण डागाची चिंता करत बसलो. मग त्यांनी स्वतःच पेला पुढे केला, "ओता अजून. अभ्यास आहे."

जेवणाच्या टेबलावर बोलता येणार नव्हतं, म्हणून खुणा ठरल्या. कानातल्याला हात लावला की वाइन उत्तम, खुशाल बोला. मनगटावरचं घड्याळ चाचपलं की जरा हवा खाऊ द्या, मग ओता. आणि नॅपकिन खाली पडला की बूच खराब निघून बाटली बिघडली आहे, तोंडातून चकार शब्द काढू नका.

"नॅपकिनची वेळ यायची नाही," डॉक्टर म्हणाले.

शनिवारी पाहुणे उजेड असतानाच आले. कॅप्टन उंच, पांढऱ्या दाढीचे, हातात फुलं. बोलणं इतकं अदबीचं, की ताईंनी चपला इकडे काढा म्हटलं तरी ते "उपकार झाले" म्हणायचे. जजबाई ठेंगण्या, गोल चष्म्याच्या, आणि आल्या आल्या त्यांनी खोलीभर अशी नजर फिरवली की ताईंना पडद्याची उसवलेली कड आठवली.

पहिली बाटली पांढऱ्या बर्गंडीची. बरीच वर्षं पडून राहिल्याने सोनेरी झालेली. तिच्याबरोबर लोण्यात परतलेला मासा, वर थोडं लिंबू. ही बाटली ताईंनी आधीच स्वयंपाकघरात उघडून हुंगली होती. पेले भरले गेले, ताईंनी कानातल्याला हात लावला आणि डॉक्टर सुटले. "भाजलेल्या पावावर लोणी विरघळावं तसं बघा. त्याच्या मागून बदाम. आणि अगदी शेवटी मधाची नुसती आठवण."

कॅप्टनांनी घोट घेतला, मान डोलावली. "वा! मधाची आठवण! हे मला कधी सुचलं नसतं."

मधाची आठवण ताईंची होती. त्यांनी माशाचा तुकडा तोंडात घातला आणि मुकाट्याने चावला. मासा आणि वाइन एकमेकांना सांभाळून घेत होते. लिंबाने लोण्याला आवरलं होतं, वाइनने दोघांना. जजबाईंनी बशी पुसून घेतली तेव्हा ताईंना हायसं वाटलं.

आता यापुढे काय झालं, तर डॉक्टरांना चढलं. वाइन नव्हे, कौतुक. पुढची बाटली बोर्दोची, सगळ्या खोलीतली म्हातारी, डॉक्टरांची लाडकी. ती ताईंनी आधी हुंगायचं ठरलं होतं. पण आयत्या वेळी डॉक्टर म्हणाले, "इतकी जुनी वाइन आधी उघडून ठेवली की दमते. टेबलावरच उघडू." ताईंनी डोळे वटारले. डॉक्टरांचं लक्ष नव्हतं.

बूच निघालं ते अर्धं मोडून. डॉक्टरांनी ते शिताफीने काढलं, दाढेचं मूळ काढावं तसं, आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मेणबत्तीच्या उजेडात गाळ मागे ठेवून वाइन काचेच्या सुरईत उतरली. रंग विटेसारखा झालेला, कडेला पिवळसर. कोकराचं भाजलेलं मटण ताईंनी कापून वाढलं, लोण्यात परतलेली अळंबी नंतरसाठी झाकून ठेवली होती. पेले भरले.

ताईंनी पेला नाकाशी नेला आणि त्यांच्या डोळ्यांपुढे एकदम कपडेपट उभा राहिला. नळ फुटला होता तो दिवस. टोप्यांचे पुठ्ठ्याचे सगळे डबे भिजून लगदा झाले होते, आणि फरशी पुसायची फडकी कोपऱ्यात तशीच कुजत पडली होती. बरोबर तोच वास. ना पेन्सिल, ना बूट, ना पुस्तकं.

त्यांनी नॅपकिन खाली टाकला.

"व्वा!" डॉक्टर म्हणाले. ते एक घोट घेऊन पेला उजेडात धरून बघत होते. "याला म्हणतात वय. देवदार बघा—"

कॅप्टनांनी वाकून नॅपकिन उचलला आणि अदबीने ताईंच्या मांडीवर ठेवला. "तुमचा नॅपकिन, विहीणबाई."

"उपकार झाले," ताई म्हणाल्या आणि पुन्हा पाडला.

"—देवदार, जुनं चामडं, काळ्या द्राक्षांचा मुरंबा—"

कॅप्टनांनी पुन्हा उचलला. तिसऱ्यांदा ताईंनी तो टेबलाच्या पार पलीकडे भिरकावला. तो जजबाईंच्या पायाशी पडला. जजबाईंनी खाली पाहिलं, ताईंकडे पाहिलं, आणि उचलला नाही.

"काय म्हणता, कॅप्टनसाहेब?" डॉक्टरांनी विचारलं.

कॅप्टनांनी एक घोट घेतला. त्यांच्या दाढीत काहीतरी हललं. त्यांनी तो घोट खलाशाच्या धैर्याने गिळला आणि म्हणाले, "असामान्य. अशी वाइन मी... आयुष्यात प्यायलो नाही."

"आणि तुम्ही?" डॉक्टर जजबाईंकडे वळले.

"मला यातलं फारसं कळत नाही," त्या म्हणाल्या. "जुन्या वाइनला असा वास येत असेल तर असेल बुवा."

"कसा वास?"

डॉक्टरांचा हसरा चेहरा सगळ्यांवरून फिरत ताईंच्या चेहऱ्यावर आला आणि तिथे थांबला. ताईंना वाटलं, आता कानातल्याला हात लावावा. चार माणसं चार घोट कसेबसे घेतील, मटण खातील, रात्र निभावून जाईल. पण मग हा माणूस उद्या उरलेली बाटली घेऊन त्या खोलीत एकटा बसेल, आणि आपल्या आठवणीतला देवदार या घाणीवर चिकटवत राहील. ते त्यांना बघवलं नसतं.

"ओल्या फडक्याचा," त्या म्हणाल्या. "आणि भिजलेल्या पुठ्ठ्याचा. अहो, ही बाटली गेलीय. बुचाने खाल्ली."

डॉक्टरांनी पेला खाली ठेवला. कानांच्या पाळ्यांपर्यंत ते लाल झाले. कॅप्टन काटा-चमचा सरळ करू लागले. मग डॉक्टर म्हणाले, अगदी सरळ, पेशंटला दात काढावा लागेल हे सांगताना जसं सांगतात तसं:

"मला वास येत नाही. ताप आला होता, त्यानंतर गेला. मघापासून जे काही बोललो ते सगळं हिचं होतं. आणि आत्ता जे बोललो ते कुणाचंच नव्हतं. तुमची माफी मागतो."

"अहो, माफी कसली!" कॅप्टन घाईघाईने म्हणाले. "मला पहिल्या घोटालाच कळलं होतं."

"कळलं होतं?" जजबाईंनी चष्मा सावरला. "आणि तुम्ही असामान्य म्हणालात?"

"असामान्यच होती की. इतकी वाईट मी खरंच कधी प्यायलो नाही. अगं, पहिल्यांदा आलोय यांच्या घरी. सोयरीक करायचीय!"

"म्हणजे खोटी साक्ष." जजबाई ताईंकडे वळल्या. "चौघांत खरं बोलणाऱ्या तुम्ही एकट्या. मीसुद्धा खोट्यांतच. तो नॅपकिन काय होता, आधी ते सांगा."

ताईंनी खुणा सांगितल्या. कानातलं, घड्याळ, नॅपकिन. सेनापतीचा कोटही सांगितला. जजबाई हसायला लागल्या ते चष्मा काढून डोळे पुसावे लागेपर्यंत. "आणि आमचे हे उचलून देतायत! पुन्हा पुन्हा!" कॅप्टनही हसत सुटले. डॉक्टर मात्र नुसते हसल्यासारखं करत होते. ते ताईंना दिसत होतं.

"मटण निवतंय," ताई उठल्या. "चला, दुसरी बाटली बघू."

खाली एक्स-रेच्या खोलीत डॉक्टर दाराशीच उभे राहिले. "तू घे कुठलीही. मला आता काय कळतंय?"

"मला ही फ्रेंच नावं वाचता येत नाहीत. तुम्ही सांगा, मी ऐकते. सगळे धंदे एकट्या नाकाचे थोडेच असतात? कुठल्या वर्षी ऊन पडलं, कुठल्या वर्षी गारा पडल्या, हे तुमच्या डोक्यात आहे, ते कुठे गेलंय?"

डॉक्टर आत आले. मग हात लांब करून कोपऱ्यातल्या एका बाटलीवर बोट ठेवलं. "तांबडी बर्गंडी. त्या वर्षी उन्हाळा लांबला होता. मटणापेक्षा तुझ्या त्या अळंब्यांबरोबर जास्त खुलेल. पण ती लेकीच्या लग्नासाठी ठेवलीय."

"लग्नात लोक सरबतासारखी घटाघट पितील. नावसुद्धा विचारणार नाहीत. घ्या."

या वेळी ताईंनी तिथेच बूच काढायला लावलं आणि तिथेच हुंगलं. मग डोळे मिटून पुन्हा एकदा हुंगलं. डॉक्टरांचा जीव टांगणीला लागला.

"अगं, बोल की!"

"वाळलेले गुलाब," ताई म्हणाल्या. "आणि माती. कुणीतरी बागेतलं काम संपवून आत आलंय, हात अजून धुतलेले नाहीत."

डॉक्टरांनी डोळे मिटले. मग ते बाटली छातीशी धरून जिना चढले.

वर अळंबी पुन्हा लोण्यात गरम झाली, मटणाच्या बाजूला वाढली गेली. आता खुणांची गरज नव्हती, म्हणून टेबलावर नुसती धमाल उडाली. ताईंना काय वाटतं ते त्या मोठ्याने सांगायच्या, कॅप्टन त्यात बंदरांतलं काहीबाही घालायचे, जजबाई "हरकत घेते" म्हणत मध्येच आपलं मत मांडायच्या. त्यांना त्या वाइनला जुन्या कोर्टाच्या लाकडी बाकाचा वास येत होता आणि त्या हटायला तयार नव्हत्या. डॉक्टर घोट तोंडात घोळवत बसले होते. अचानक म्हणाले, "थांबा, थांबा. हिरड्या."

"काय झालं?" कॅप्टन दचकले.

"मघाच्या बोर्दोने हिरड्या अशा आवळून धरल्या होत्या. ही नुसती हात ठेवतेय. आणि अळंबी खाल्ल्यावर तोही काढून घेतला." त्यांनी आणखी एक तुकडा खाल्ला, आणखी एक घोट घेतला. "आंबट कळतंय. तुरट कळतंय. जिभेवर वजन कळतंय. अहो, मी महिनाभर पेला ओठाला लावला नाही! मला वाटलं, सगळंच गेलं!"

"तुम्ही दातांचे डॉक्टर," जजबाई म्हणाल्या. "तोंडात काय चाललंय ते तुम्हाला कळणार नाही तर कुणाला?"

मग डॉक्टरांनी स्वतःहून खाली जाऊन सोतर्न आणली. गोड, मधाच्या रंगाची, लहान बाटली. ताईंनी निळ्या बुरशीचं चीज बशीत काढलं. जजबाईंनी ते पाहून नाक मुरडलं. पण खारट चीजवर गोड वाइनचा घोट गेला तेव्हा त्यांनी बशी आपल्याकडे ओढली. डॉक्टरांनी चीज जिभेवर ठेवलं, घोट घेतला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते ताईंनी त्या तापानंतर पाहिलं नव्हतं. खारट आणि गोड, दोन्ही नाकाची परवानगी न घेता थेट पोहोचले होते.

"वास कसला आहे?" त्यांनी ताईंना विचारलं. परीक्षा घेणाऱ्याच्या आवाजात नाही, नुसतं, आपल्याला हवं म्हणून.

ताईंनी पेल्यात नाक घातलं. "जर्दाळू. आणि संत्र्याची साल. आणि..." त्या थांबल्या. "याला अजून नाव सापडत नाहीये. थांबा हं."

तेवढ्यात फोन वाजला. लेक होती. जवळ होत्या म्हणून जजबाईंनीच उचलला. पलीकडून लेकीचा काळजीचा आवाज सगळ्यांना ऐकू आला, "आई, कसं झालं? बाबांनी फार भाषण तर दिलं नाही ना?"

"तुझी आई कामात आहे," जजबाई म्हणाल्या. "तुझे बाबा खातायत. आणि ऐक, महिन्यातून एकदा आम्ही चौघं जेवायला बसणार आहोत, असं आत्ताच ठरलंय. तुमचं लग्न त्यातल्या एखाद्या शनिवारी येत असेल तर तारीख बदला."

"असं कधी ठरलं?" कॅप्टनांनी हळूच विचारलं.

"आत्ता," जजबाई म्हणाल्या आणि रिकामा पेला डॉक्टरांपुढे धरला.